रायफलला विचारा, डब्याला नको

प्रश्न : काकू, मी शाळेपासून 10 मीटर एअर रायफल खेळते. यंदा क्लबच्या .22 रायफलवर 50 मीटर प्रोन (पालथं झोपून नेम धरायचा प्रकार) सुरू केलं, आणि पुढच्या महिन्यात माझा पहिलाच लांब पल्ल्याचा सामना आहे. सगळा सराव क्लब देतो त्या एसके स्टँडर्ड प्लस गोळ्यांवर झालाय. मैत्रिणी म्हणतात, सामन्याला ईलीची टेनेक्स नाहीतर लापुआची वरची गोळी घे, दहा-बारा गुण सहज वाढतात. एकीचा दादा म्हणतो हाय व्हेलॉसिटी घे, जोरात जाते म्हणून वाऱ्यात कमी हलते. बाबा पैसे द्यायला तयार आहेत. काय घेऊ?
– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी त्या दादाला निकालात काढू. हाय व्हेलॉसिटी .22 वाऱ्यात कमी नाही, जास्त वाहते. ऐकायला उलटं वाटतं, पण वारा गोळीला किती ढकलणार हे ती किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही; हवेच्या रोधापायी तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरतं. हा रोध ध्वनीच्या वेगाच्या आसपास एकदम चढतो. आपल्याकडच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 345 मीटरच्या जवळपास धर. हाय व्हेलॉसिटी गोळी नळीतून 380 च्या आगेमागे सुटते आणि 50 मीटरचा बहुतेक रस्ता त्या चढत्या रोधातच धापा टाकत काढते. मॅचची गोळी मुद्दाम 320-330 वर ठेवलेली असते, म्हणजे ती त्या भानगडीत पडतच नाही. दादा ससे मारायच्या गप्पा मारत असेल, टार्गेटच्या नाही.

आता मैत्रिणी. टेनेक्स चांगली गोळी आहे, लापुआची मिडास प्लसही. नावं ठेवायला जागा नाही. पण दहा-बारा गुण? तुझ्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आहे आणि गोळी 5.6 मिलिमीटरची. गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा, म्हणजे गोळीच्या मध्याला 16 मिलिमीटरची मोकळीक मिळते. जी रायफल बऱ्या लॉटची एसके 16 मिलिमीटरच्या आत ठेवते, तिच्यावर आठ लागला तर तो आठ गोळीचा नाही, तुझा आहे. श्वास, स्लिंग (रायफल हाताला धरून ठेवणारा पट्टा), ट्रिगर, आणि सगळ्यात जास्त वारा. ताशी 15 किलोमीटरचा आडवा वारा .22 ला 50 मीटरवर तीनेक सेंटिमीटर सरकवतो. मधोमध बसणारा दहा सातात जाऊन पडतो. त्याला टेनेक्सही अपवाद नाही. हां, दशांशात गुण मोजत असतील तर महाग गोळी काही दशांश देईल. दर 0.1 म्हणजे 0.8 मिलिमीटर. पण तो हिशेब 10.2 चे 10.5 करणाऱ्यांचा. तुझा हिशेब अजून आठाचे दहा करण्याचा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तुझ्या मैत्रिणींना एक गोष्ट कुणी सांगितलेली दिसत नाही, ती म्हणजे लॉट, गोळ्यांची एका खेपेत बनलेली तुकडी. डब्यावर नावाखाली एक क्रमांक छापलेला असतो, तो खरा. एकाच दुकानातली शेव सकाळच्या घाण्याची वेगळी आणि दुपारच्या घाण्याची वेगळी, हे इंदूरच्या माणसाला समजावायला नको. कारखाना तोच, नाव तेच, पण दारूची, प्रायमरची, शिशाची खेप बदलली की गोळी थोडी बदलते, आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. एका रायफलला लाडका असलेला लॉट शेजारच्या, त्याच बनावटीच्या रायफलला अजिबात सोसत नाही, हे मी रेंजवर इतकं पाहिलंय की आता नवल वाटत नाही. म्हणूनच मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कारखान्यात लॉट तपासायला जातात, ईलीच्या बर्मिंगहॅमला किंवा लापुआच्या शोनेबेकला. (तुझी एसकेही शोनेबेकचीच, हे मैत्रिणींना जरूर सांग.)

तू शोनेबेकला जाणार नाहीस. तेव्हा क्लबच्या कपाटात एसकेचे जेवढे वेगवेगळे लॉट असतील तेवढे मागून घे, दोन-तीन तरी निघतीलच. सकाळी वारा उठायच्या आत रेंजवर जा. रायफल टेकवून झाडायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर स्लिंग लावून प्रोनमध्ये. प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन-चार ग्रूप काढ, म्हणजे एकाच नेमावर दहा गोळ्या झाडून त्यांची भोकं किती पसरतात ते बघ. पाच गोळ्यांचा ग्रूप खोटं बोलतो. एखादा सुंदर आला की माणूस त्याचा फोटो काढून गल्लीभर दाखवतो आणि तिथेच फसतो.

ग्रूप बघताना आडवा पसारा वाऱ्याच्या माथी मारता येतो, उभा मारता येत नाही. उभा पसारा वेगातल्या फरकाचा असतो. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक असेल तर 50 मीटरवर त्या जवळजवळ सात मिलिमीटर वर-खाली पडतात. म्हणजे मघाच्या 16 पैकी सात तू काही न करता गेले. जो लॉट उभ्यात घट्ट, तो तुझा. त्याचे सामन्यापुरते आणि उरलेल्या सरावापुरते डबे आजच क्लबकडून बाजूला काढून घे, नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसरं कुणी उचलेल.

लॉट किंवा बनावट बदललीस की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नकोस. .22 च्या शिशावर मेणासारखं वंगण असतं, प्रत्येक बनावटीचं वेगळं. नळीत जुन्यावर नवं बसेपर्यंत गोळी इकडेतिकडे जाते. सामन्याच्या सकाळी मैत्रिणीने दिलेला टेनेक्सचा डबा उघडणं म्हणूनच वेडेपणा. आदल्या रात्री नळी लख्ख पुसणंही त्यातलंच.

साठ गोळ्या, पन्नास मिनिटं. आधी पंधरा मिनिटं तयारी आणि साइटर (साइट जुळवायच्या, गुणांत न धरायच्या गोळ्या), त्यात हव्या तितक्या झाड. पन्नासच्या डब्याचा हिशेब धरून तीन डबे ने, सगळे एकाच लॉटचे. ते उन्हात ठेवू नकोस. गाडीच्या डिकीत तर नाहीच, वंगण पाघळतं. सावलीत, पिशवीत, बस.

एक कायद्याचं. रायफल आणि गोळ्या क्लबच्या, तेव्हा सामन्यापर्यंत आणि परत त्या क्लबच्या जबाबदार माणसाबरोबर, कागदांसकट जातील. संध्याकाळी घरी निघताना जॅकेटचे खिसे उलटे करून झटक. परवान्याशिवाय एक जिवंत गोळीसुद्धा बाळगणं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि विमानतळावरच्या एक्स-रेला तुझं निष्पाप तोंड दिसत नाही.

बाबांचे पैसे? सरावाच्या गोळ्यांना घाल. टेनेक्सच्या एका डब्याच्या पैशात एसकेचे जे जास्तीचे डबे येतील, ते वारा असलेल्या दुपारी झाड, रेंजवरच्या वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे बघत.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये शिकतो. विद्यापीठाच्या क्लबातर्फे बिस्लीच्या नेमबाजी रेंजवर 600 यार्डांवर पहिल्यांदा उतरणार आहे. इथून त्याला चांगल्या गोळ्यांबद्दल काही सुचवता येईल का?
– एक वडील, रामबाग, इंदूर

उत्तर : भाऊसाहेब, सुचवायला फार जागाच नाही, आणि ते त्याच्या फायद्याचं आहे. तिथला टार्गेट रायफलचा प्रकार 7.62 मिलिमीटरचा, गोळी साधारण 155 ग्रेनची, म्हणजे दहाएक ग्रॅमची. जुलैतल्या तिथल्या मोठ्या संमेलनात तर या प्रकारासाठी आयोजकच एकसारख्या गोळ्या देत आलेत, म्हणजे वाद बराचसा मिटतो. छोट्या सामन्यात क्लब देईल ती घ्यावी आणि रायफलच्या साइटची आधीची नोंद त्याच गोळीवरची आहे का, एवढं क्लबच्या कप्तानाला विचारावं. नोंद दुसऱ्या गोळीची असेल तर पहिला साइटर टार्गेटवर तरी पडेल की नाही याची खात्री नाही.

बाकी सगळा खेळ वाऱ्याचा. 600 यार्डांवर ताशी 10 मैलांचा आडवा वारा ही गोळी दोन फुटांहून जास्त सरकवतो. त्याला म्हणावं, पाळी येण्याआधी तासभर नुसतं झेंड्यांकडे बघत बस, आणि शेजारचा म्हातारा साइटवर किती क्लिक फिरवतोय ते चोरून बघ. तिथे ते चालतं. आणि सुट्टीला येताना आठवण म्हणून रिकामं काडतूससुद्धा सामानात टाकू नकोस, हे तुम्हीच त्याला फोनवर सांगा. माझं ऐकून घ्यायला तो बसलेला नाही.