आयफोन ॲपच्या स्विफ्ट भाषेत आउटलेट नीट जोडलेलं असूनही पहिल्या स्क्रीनच्या 'प्रिपेअर' फंक्शनमधून दुसऱ्या स्क्रीनच्या लेबलला नाव दिलं की ॲप क्रॅश का होतं?

आउटलेट म्हणजे स्क्रीनवरचं लेबल कोडशी जोडणारं व्हेरिएबल. तुमची ती जोडणी बरोबरच आहे, एक्सकोडमध्ये (ॲपलचं कोड लिहायचं सॉफ्टवेअर) त्या ओळीशेजारचा गोल भरलेला दिसतोय म्हणता ना! घोळ वेळेचा आहे.

कंट्रोलर (स्क्रीन सांभाळणारा कोड) आधी जन्मतो, त्याचा व्ह्यू (प्रत्यक्ष दिसणारा भाग) नंतर. सेग्वे (एका स्क्रीनवरून दुसरीवर जाणं) सुरू झाला की दुसरा कंट्रोलर तयार होतो आणि लगेच तुमचं 'प्रिपेअर' चालतं. तेव्हा व्ह्यू लोडच झालेला नसतो. कंट्रोलरकडे पहिल्यांदा व्ह्यू मागितला जातो तेव्हा तो स्टोरीबोर्डवरून (स्क्रीनची मांडणी ठेवणारी फाइल) उभा राहतो, आउटलेट भरले जातात आणि मग 'व्ह्यूडिडलोड' हे फंक्शन चालतं. तोवर लेबल निल, म्हणजे रिकामं. आउटलेटपुढे उद्गारचिन्ह असल्यामुळे कंपायलरही अडवत नाही, थेट चालू ॲप आपटतं. वाकडला फ्लॅट बुक केलाय, पझेशन मिळालेलं नाही आणि तुम्ही टेम्पोत सोफा घालून धाडलात, असं झालंय हे.

दुसऱ्या कंट्रोलरमध्ये नावासाठी साधं स्ट्रिंग व्हेरिएबल ठेवा. प्रिपेअरमध्ये ते भरा आणि व्ह्यूडिडलोडमध्ये लेबलला द्या. कोणी सांगेल, आधी 'लोडव्ह्यूइफनीडेड' बोलवा, म्हणजे व्ह्यू तिथेच लोड होईल. आयओएस ९ पासून ते आहे आणि चालतंही, पण मी टाळतो. पहिल्या स्क्रीनला दुसरीच्या लेबलशी काय करायचंय? उद्या तिथे टेक्स्टव्ह्यू आला तर दोन्ही फायली उघडत बसाल.

याच्याच चुलत क्रॅशपायी बाणेरच्या ऑफिसात माझा अख्खा शनिवार गेला होता. आउटलेटचं नाव मी फक्त कोडमध्ये बदललं. स्टोरीबोर्ड ही मुळात एक्सएमएल फाइल, तिच्यात जुनं नाव तसंच राहिलं आणि ॲप ते नाव क्लासमध्ये शोधत 'की व्हॅल्यू कोडिंग कम्प्लायंट नाही' म्हणत कोसळत होतं. क्लीन केलं, डिराइव्ह्ड डेटा (एक्सकोडने साठवलेल्या बिल्डच्या फायली) उडवला, मॅक बंद करून चालू केला. शेवटी चहाला बोलवायला आलेल्या सहकाऱ्याने स्टोरीबोर्डमध्ये कंट्रोलरवर राइट क्लिक करून जुन्या नावाशेजारचा पिवळा इशारा-त्रिकोण दाखवला. तेव्हापासून नाव बदलायचं तर रिफॅक्टरमधल्या रिनेमनेच. ते स्टोरीबोर्डमध्येही बदलतं.

एवढं करूनही व्ह्यूडिडलोडमध्ये निल आलं, तर कंट्रोलर कुठे क्लासच्या नावापुढे नुसते कंस देऊन बनवताय का ते बघा. तसा बनवला तर स्टोरीबोर्ड वाचलाच जात नाही. स्टोरीबोर्ड आयडी देऊन 'इन्स्टॅन्शिएट'ने मागवा.