उरलेल्या जेवणाचा डबा नव्याने सुरू करताय? आधी हे वाचा

सगळ्यात आधी भाताबद्दल सांगते, कारण नवीन लोकं इथेच चुकतात. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही म्हणजे नाहीच, त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही, म्हणून भात पसरट डब्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. बाकीचं अन्न २ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं, फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली असला, तर ३-४ दिवस चालतं.

आता माझी खरी युक्ती. जेवायला बसायच्या आधीच उद्याचा डबा भरून ठेवा, नंतर उरेल ते भरू म्हटलं की नेमकी भाजी संपलेली असते आणि नुसता भात उरतो!

डब्यात अर्ध्या भाज्या, पाव भाग धान्य, पाव भाग प्रोटीन, म्हणजे कडधान्य, अंडं, चिकन जे असेल ते. उरलेले छोले कुस्करून त्यात दही, लिंबू घातलं की गाजर-काकडीबरोबर मस्त स्नॅक होतो. सुकी भाजी अंड्यात फेटून छोट्या वाट्यांत बेक करा, प्रवासात हाताने खाता येतं, सांडत नाही. ओलं काही असेल तर वेगळ्या डबीत, नाहीतर सगळं गिचका.

गरम न्यायचं असेल तर थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी १० मिनिटं ठेवून ओतून द्या, मग वाफाळतं अन्न भरा. थंड डब्याला आईस पॅक हवाच.