नेटवर्क कार्डांची नावं आधी पक्की कर

महापेच्या डेटा सेंटरमधल्या तुझ्या सर्व्हरवर रीबूटनंतर ईटीएच-झीरो आणि ईटीएच-वन या नेटवर्क कार्डांच्या नावांची अदलाबदल होतेय, कारण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कार्डं सापडतील तसे नंबर देतो आणि तो क्रम दर वेळी तोच राहील असं नाही. प्रत्येक कार्डासाठी सिस्टमडीची (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीची) डॉट लिंक फाइल, म्हणजे कार्डाचं नाव ठरवणारी फाइल, लिही, जुळणी कायमच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकावर, कर. नाव ‘लॅन-झीरो’सारखं ठेव, ईटीएच-झीरो अजिबात नको, कर्नलच्या नावाशी टक्कर होते. फाइलच्या नावाआधी १० लाव, म्हणजे ती ९९वाल्या डीफॉल्ट फाइलच्या आधी वाचली जाते. मग इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टम, नव्याने तयार कर, बरेच जण नेमकं हेच विसरतात. पोर्ट ओळखू येत नसेल तर ‘ईथटूल मायनस पी’ ही कमांड कार्डाचं नाव देऊन चालव, त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. आणि बाबा, आयपीएमआय कन्सोल, म्हणजे नेटवर्क बिघडलं तरी लांबून सर्व्हर हाताळायची सोय, चालतोय हे बघितल्याशिवाय रीबूट करू नकोस, नाहीतर रात्री ठाण्याहून महापेला पळावं लागेल.