पॉपकॉर्न मशीन भाड्याने घेताय?

मशीन ठरवण्याआधी सोसायटीच्या हॉलमधला प्लग बघून या. विजेवरचं मशीन साधारण दीड हजार वॅट खेचतं, त्याला १६ अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेटच हवं. डीजेच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलंत, तर ऐन केक कापताना वीज गेलीच समजा.

भाड्यात माणूस, मका, तेल, पुड्या यांतलं काय धरलंय ते विचारा. कोथरूडहून वाघोलीला न्यायचं तर टेम्पोचे पैसे वेगळे. डिपॉझिटचं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.

मका स्वतः आणणार असाल तर मार्केट यार्डात पॉपकॉर्नचाच मागा. स्वीट कॉर्न फुलत नाही. दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, साधारण १८० अंशांना त्याची वाफ दाणा फोडते. पाकीट उघडं राहिलं की ओलावा उडतो आणि तळाशी नुसते गणंग उरतात. मीठ मिक्सरमधून अगदी बारीक करा, जाडं मीठ चिकटत नाही. आणि पावसाळ्यात आधीच ढीग करून ठेवू नका, वातड होतात. पाहुणे जमतील तसतसा घाणा काढा. मुलांना काचेपासून जरा लांबच रांगेत उभं करा, आतलं भांडं बराच वेळ तापलेलं राहतं.