लपलेला की लपवलेला? आणि इंद्रजितचा त

प्रश्न असा आहे. एका डेस्कटॉप ॲपचं मराठीकरण चालू आहे. यादीच्या शीर्षकपट्टीवर माउसचं उजवं बटण दाबलं की कोणते कॉलम दाखवायचे आणि कोणते नाहीत, ते ठरवता येतं. न दाखवलेल्या कॉलमांना 'लपलेले स्तंभ' म्हणावं, 'अदृश्य स्तंभ' म्हणावं, की 'गुप्त स्तंभ'? आणि यादी अशाच एखाद्या कॉलमनुसार लावलेली असेल, तर वापरणाऱ्याला ते कसं सांगावं?

आधी 'लपलेले'चा निकाल लावू, कारण हे 'लपलेले' वाचून वाचून डोकं उठलं आहे. लपलेला म्हणजे जो आपणहून लपला तो. दाराआड उभं राहिलेलं पोर लपलेलं असतं. त्याच्या मुठीतली गोटी त्यानं लपवलेली असते. 'मी फोडली नाही, फुटली!' असं काचेबद्दल पाच वर्षांचं मूल जीव तोडून सांगतं. ज्या भाषेत त्या वयाला फुटणं आणि फोडणं यांतला फरक कळतो, त्या भाषेत मेनू लिहिणाऱ्यांना लपणं आणि लपवणं वेगळं करता येऊ नये? कॉलम कोणीतरी टिचकी मारून दिसेनासा केला, तर तो लपवलेलाच. (लपवलेला की लपविलेला, यावर वाद घालायचाय त्यांनी खुशाल घालावा. दोन्ही चालतं. एका ॲपमध्ये एकच ठेवा म्हणजे झालं.)

लपलेल्यालाही काम आहे, नाही असं नाही. खिडकी अरुंद केली आणि उजवीकडचे तीन कॉलम कडेबाहेर गेले, आडवी पट्टी सरकवल्याशिवाय दिसेनात, तर ते लपलेले. तिथे कोणी लपवालपवी केलेली नाही.

'अदृश्य' म्हणजे दिसूच न शकणारं, म्हणून बाद. 'गुप्त'चा मूळ अर्थ राखलेला, रक्षण केलेला. चंद्रगुप्त म्हणजे चंद्रानं रक्षिलेला, दडून बसलेला चंद्र नव्हे. आजच्या मराठीत मात्र 'गुप्त स्तंभ' वाचलं की आता पासवर्ड मागणार असं वाटतं. तोही बाद.

आता 'स्तंभ'. कॉलमला हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या यादीत आहे, आणि त्यावर बोट ठेवून मला गप्प करणारे बरेच भेटतात. लॅटिन कोलुम्ना म्हणजे खांब, त्याचं शब्दशः स्तंभ केलं. वर्तमानपत्राच्या पानाला ते शोभतंही. पण स्तंभ शब्दातला धातू अडवून धरण्याचा, ताठ उभं राहण्याचा. स्तब्ध त्याच धातूचा, आणि आपलं थांबणंही तिथूनच आलं. (खांब मात्र स्तंभापासून आला नाही. तो वेदातल्या स्कंभापासून आला, हे कितीदा सांगायचं?) यादीतला कॉलम माउसनं ओढला की डावीकडे जातो, कड खेचली की फुगतो, नको म्हटलं की दिसेनासा होतो. ह्याला थांबलेला म्हणायचं? शिवाय खांब लपवला तर छप्पर कशावर? रकाना म्हणा. रकाना पाडतात, आखतात, भरतात, रिकामा सोडतात. एवढी क्रियापदं पदरी असलेला शब्द सोडून खांब कशाला उचलायचा?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. संस्कृतातला लप् धातू बोलका आहे: आलाप, विलाप, प्रलाप. आपला लपणारा तर तोंडातून शब्द काढत नाही. तेव्हा लपणं तिथून आलेलं नाही. ते लुप् धातूपासून आलं असं ठासून सांगणारे आहेत. लुप् मधल्या उकाराचा अकार कसा झाला विचारलं की तेही लुप्त होतात. पण लोप शब्द निघालाच आहे, तर संस्कृतच्या व्याकरणकर्त्या पाणिनीकडे जायलाच हवं. त्याची व्याख्या दोन शब्दांची: अदर्शनं लोपः (१.१.६०). लोप म्हणजे न दिसणं. नष्ट होणं असं तो म्हणत नाही. आणि एक सूत्र सोडून लगेच म्हणतो: प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम् (१.१.६२). प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याच्यामुळे होणारं कार्य होतंच.

यादीतल्या लपवलेल्या रकान्याचं याहून नेमकं वर्णन मी तरी वाचलेलं नाही. इंद्रजित घ्या. इंद्र, मग जि म्हणजे जिंकणे, पुढे क्विप् हा प्रत्यय. क्विप् मधला एकूण एक वर्ण गळतो, हाती काही उरत नाही. पण त्यातला प् जाता जाता काम करून जातो: पकाराची खूण असलेला कृत् प्रत्यय (म्हणजे धातूला लागून नाम-विशेषण बनवणारा) पुढे असला की आधीच्या ह्रस्व स्वराला त् जोडला जातो. तो त् म्हणजे इंद्रजितच्या शेवटी दिसणारा त. ज्यानं तो आणला, तो कुठेच नाही! आता अजित घ्या. तिथला त हा क्त प्रत्ययाचा, उघडउघड समोर बसलेला. अजित म्हणजे न जिंकला गेलेला. इंद्रजितच्या शेवटीही हाच त आहे असं समजलात, तर अर्थ होईल इंद्रानं जिंकलेला, आणि रावणाचा पोरगा लढाई न करताच हरेल. मराठीत दोन्ही त सारखेच लिहितो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. आणि अभिजितला 'अभिजीत' लिहिणाऱ्यांनी एवढं ऐकावं: तो त् ह्रस्व स्वरालाच मिळतो. जी दीर्घ केलात, की तुमच्या त ला उभं राहायला जागा नाही.

मी वापरतो त्या एका ॲपमध्ये परवा फायलींची यादी उघडली, तर नावं कशीही: आधी 'हिशेब', मग 'अर्ज', मग 'मसुदा'. अर्धा तास मी वर्णमालेलाच दोष देत होतो. यादी बदलाच्या तारखेनुसार लावलेली होती आणि तारखेचा रकाना मीच कधीतरी लपवला होता. लोप झाला, लक्षण उरलं.

पाणिनी इथे थांबत नाही. लोपाच्याच पोटात तो लुक्, श्लु, लुप् असे प्रकार वेगळे काढतो आणि सांगतो, न लुमताङ्गस्य (१.१.६३): या नावांनी प्रत्यय गेला, तर अंगावरचं, म्हणजे तो ज्याला लागला त्या मूळ रूपावरचं, त्याचं कार्यही होत नाही. गर्गाचा वंशज एकटा असला तर गार्ग्य, पुष्कळ असले तर नुसते गर्ग. प्रत्यय गेला आणि त्यानं 'ग'चा केलेला 'गा'ही गेला. म्हणजे लपवणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं. आणि आपली ॲपं? दोन्हींना 'हटवा'! रकाना फक्त नजरेआड करायचा असताना 'स्तंभ हटवा' वाचून माहितीच जाईल या भीतीनं हात मागे घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं काय चुकलं?

'मग लुप्त रकाने म्हणू या' असं कोणी सुचवेल. मोह मलाही होतो. पण आज लुप्त म्हणजे गेलेलं, परत न येणारं. शब्द पाणिनीपासून फार लांब आला आहे.

प्रोग्रामरांसाठी एक. रकाना लपवायचा म्हणून काहीजण त्याची रुंदी शून्य करून मोकळे होतात. विंडोजच्या यादीत कंट्रोल धरून अंकपट्टीवरचं अधिक चिन्ह दाबलं की सगळे रकाने मजकुराएवढे रुंद होतात आणि हा चोर बाहेर येतो. शीर्षकाची कड ओढली तरी येतो. तो लपवलेला नव्हे, चेपलेला.

हां, मूळ प्रश्न. मेनूत 'रकाना लपवा' आणि 'लपवलेले रकाने दाखवा'. सूचनेत रकान्याचं नाव घ्या, म्हणजे शोधाशोध नको: 'ही यादी तारखेनुसार लावली आहे. तारखेचा रकाना लपवलेला आहे.' शेजारी एक बटण: 'दाखवा'.