वाटीखालचा चमचा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

गृहभेटीला गेले की आया ‘बाळाला कोणती खेळणी आणू?’ असे विचारतात आणि आपल्याला उत्तर सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. एक पंचा, दोन वाट्या आणि एक चमचा प्रत्येक घरात असतोच. त्यांवरच सुरुवात कर.

चार-पाच महिन्यांच्या बाळाशी पदराआडून ‘बुवाऽऽ कुक’ करावे. पदर आपल्या तोंडावर घ्यावा, बाळाच्या नव्हे. ७-८ महिन्यांपासून वस्तू लपवाव्यात. बाळ पाहत असताना चमचा पंच्याखाली असा सरकव की दांडा बाहेर दिसत राहील. तो त्याने ओढून काढला की पुढच्या वेळी चमचा पूर्ण झाक आणि हात आवरून बस. आपली घाई नेमकी इथेच नडते. बाळ पंच्याकडे टक लावते, एकदा तुझ्याकडे बघते, बोटांनी कड चाचपते, आणि एवढ्यात आजी ‘हा बघ, इथं आहे!’ म्हणत पंचा उचलते. चमचा आजीला सापडतो.

वस्तू नजरेआड गेली तरी ती असतेच, ही समज बाळात हळूहळू घडते, हे स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे खेळ टिपून मांडले. (पुढे १९८७ मधल्या प्रयोगांत साडेतीन-चार महिन्यांच्या काही बाळांच्या नजरेतही तिची चाहूल लागली, हाताने शोधणे मात्र उशिराच येते.) पियाजेंनी नोंदवलेली एक चूक तुलाही दिसेल: उजव्या वाटीखाली दोन-तीनदा चमचा सापडलेले ९-१० महिन्यांचे बाळ, डोळ्यांदेखत तो डावीखाली ठेवला तरी पुन्हा उजवीच उचलते. हे त्या वयाचेच आहे, असे आईला आधीच सांग; नाहीतर ती उगाच धास्तावते.

याच सुमारास आई उठली की बाळ आकांत करते. त्याचा डोळा चुकवून सटकण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. मला तो मुळीच पटत नाही. आईने सांगून दाराआड जावे, तिथून आवाज द्यावा, लगेच परतावे, आणि हे अंतर रोज थोडे वाढवावे.

नाणी, बटणे, शेंगदाणे आणि प्लास्टिकच्या पिशव्या या खेळात नकोत.

पुढच्या भेटीनंतर पंचा कोणी उचलला, बाळाने की आजीने, तेवढे कळव.