शब्दचर्चा : 'कोझी' कधी म्हणावं?

प्रश्न : भाड्याने घर शोधतोय. जाहिरातींत 'कोझी वन बीएचके' असं कौतुकाने लिहितात. इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र अधिकारी-कंत्राटदारांच्या 'कोझी' संबंधांवर टीका असते. शब्द चांगला की वाईट?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मुळात चांगलाच. शब्द स्कॉटलंडचा, अठराव्या शतकापासूनचा, म्हणजे थंड मुलखातला. म्हणून त्यातल्या सुखाला ऊब लागते आणि जागाही आटोपशीर लागते. डिसेंबरच्या पहाटे गोधडीत गुरफटून पडणं कोझी. मे महिन्यात एसीची गार खोली सुखाची खरी, पण कोझी नव्हे. पगार 'कम्फर्टेबल' असतो, आणि मंगल कार्यालयाच्या हॉलला तर हे विशेषण लावूच नये. मराठीत एकच प्रतिशब्द शोधत बसू नका : खोली उबदार, गप्पा निवांत.

'लहान' लिहायचं नसलं की दलाल 'कोझी' लिहितात. तेव्हा कार्पेट एरिया विचारा, आणि पलंग टाकल्यावर कपाटाचं दार पुरतं उघडेल का, ते जागेवर मोजून पाहा.

व्यवहाराला लावला की अर्थ फिरतो. जिथे अंतर राखायला हवं तिथे घसट. आपल्याकडे त्याला साटंलोटं म्हणतात. 'कोझी अप टू' म्हणजे मतलबासाठी सलगी करणं. 'टू'च्या जागी 'विथ' आणि पुढे पुस्तक आलं, तर मात्र पांघरुणात शिरून वाचत पडणं!

स्पेलिंग ब्रिटिश 'एस'ने करतात, अमेरिकन 'झेड'ने, उच्चार एकच. आपण चुकतो तो इथे. झ 'माझा'तला हवा, 'माझी'तला नाही. पुढे ई आली की मराठी जीभ आपसूक टाळूकडे सरकते. 'कुशी'शी नातं जोडायचा मोह होतो, पण कुशी आली संस्कृत 'कुक्षि'वरून.

प्रश्न : मग 'टीकोझी' वेगळा शब्द का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तोच शब्द, नाम होऊन आलेला : किटलीला घालायचं जाड टोपडं. शिवायचं असेल तर घेर तोटी आणि मूठ धरून मोजा. त्याच्या निम्म्या रुंदीत सैलपणा आणि शिलाईसाठी दोनेक इंच वाढवून दोन तुकडे कापा, आत जुन्या रजईचा थर घाला. नुसत्या पोटाचा घेर घेतला तर टोपडं तोटीवर अडकतं. चहा गाळूनच किटलीत ओता. चोथा आत राहिला तर ऊब टिकते तसा चहा कडवट होत जातो.